सायकलीचं डावं

भाऊ,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आपल्या बापाशी मनातल्या मनातसुद्धा फारसं बोललो नाही, आणि आता लिहायला बसलोय ते एका सायकलीमुळे. तीन आठवडे झाले, जेवण धड जात नाही. कंपनीत माझ्यासमोर तपासायला पाइप येतात आणि मी नुसता बघत राहतो. काय तपासायचं तेच आठवत नाही. बायकोला वाटतं पाठीचं दुखणं परत उठलं. पाठ ठीक आहे. मी हादरलोय, भाऊ. कुणीतरी मागून येऊन कानाखाली वाजवावी आणि वळून पाहिलं तर तो आपलाच हात निघावा, तसं झालंय.

सायकल कसली ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही थोडं हसाल तरी. झोपून चालवायची सायकल. खरंच असते. आरामखुर्चीत रेलावं तसं मागे टेकून बसायचं, पाय पुढे, पायडलं पुढच्या चाकाच्याही पुढे, छातीसमोर. मणक्याची चकती सरकल्यापासून डॉक्टरांनी साध्या सायकलवर वाकून बसायला बंदी केलीय. मग कुठेतरी वाचलं, चौकशी केली आणि नुसती फ्रेम आणि सीट मागवली. बाकी सगळं निवडून, जमवून, दर रविवारी जळगावला मेहरूणच्या घराच्या व्हरांड्यात मीच जोडत होतो. बायकोनं खोकं उघडलं त्या दिवशीच सांगितलं की पाय पुढे करून घरातून माणूस एकदाच निघतो, तेव्हा ही वस्तू सकाळी सकाळी तिच्या नजरेसमोरून न्यायची नाही. पुढचं चाक वीसचं, मागचं सव्वीसचं. पायडलांचे क्रँक नेहमीपेक्षा आखूड घेतले, गुडघ्यांना बरे म्हणून. चेन एवढी लांब लागते की तीन चेनी तोडून एक केली. ती मध्ये एका पुलीवरून जाते आणि पँटला काळं लागू नये म्हणून प्लास्टिकच्या नळीतून ओवतात. ती नळी कंपनीतला कापून उरलेला तुकडा. जळगावात राहून पाइप विकत आणायचा म्हणजे अतीच झालं असतं. चाकं फिरवून, तारा आवळून आउट मी स्वतः काढला, हबमध्ये छर्रे बसवून ग्रीस भरलं. तीस वर्षं पान्याला हात लावला नव्हता, तरी हाताला सगळं येत होतं. मी मनात म्हणायचो, बघा भाऊ, आहे की नाही हात. किती फुशारकी होती त्यात, ते आता कळतंय.

धुळ्याचं आपलं दुकान मला डोळे मिटले की दिसतं. तुम्ही ओव्हरऑइलला आलेली सायकल उचलता, एका झटक्यात उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करता, आणि तिच्याशी बोलल्यासारखं पुटपुटत एकेक भाग सोडवायला लागता. मी दहा-बारा वर्षांचा आहे. तुम्ही उजवं पायडल मागता आणि मी डावं हातात देतो. तुम्ही ते रॉकेलच्या डब्यात टाकता, माझी मान धरून मला उलट्या सायकलीच्या मागे उभं करता आणि म्हणता, "सायकलनं डावं देख. तुनं नको देखू." उलट्या सायकलीचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. उजव्या पायडलाचे आटे सुलट, डाव्याचे उलट, म्हणजे चालवताना ती आपोआप सुटत नाहीत. एवढं साधं. त्या दिवशी मला रडू आलं होतं, कारण गिऱ्हाइकं हसली होती. तुम्ही नंतर भेळ आणून दिलीत, पण चुकलो म्हणून मान हलवायला लावलीतच.

तीन रविवारांपूर्वी मी शेवटची जोडणी हाती घेतली होती. पायडलंच राहिली होती. स्टूल घेऊन सायकलीच्या पुढ्यात बसलो, तोंड सीटकडे, क्रँक अगदी छातीशी. डावं पायडल घेतलं आणि माझ्या डाव्या हाताच्या क्रँकला लावलं. चेन उजव्या बाजूला असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती डोळ्यांसमोर होती. पण हात पुढे निघून गेला होता. अर्धा फेरा गेलं आणि अडलं. मला वाटलं नवीन माल आहे, आटे घट्ट असतील, म्हणून पान्यावर जोर दिला. करकर आवाज आला, आणखी थोडं सरकलं आणि मग असं घट्ट झालं की पाना पुढे जाईना. मी समाधानानं घाम पुसला. भाऊ, आणि त्याच क्षणी मी थांबलो. कारण ती घट्टपणाची जाणीव माझ्या ओळखीची होती. तो आवाज, मनगटाला बसलेला तो हिसका, आणि वर 'चला, पक्कं बसलं' हे समाधान, सगळं मी एकदा आधी केलेलं होतं. पायडल जोर करून उलटं फिरवून काढलं. क्रँकच्या भोकातून ॲल्युमिनियमचा चुरा पडला. आटे खाऊन टाकले होते मी.

पोस्टमन काकांची सायकल, भाऊ. मला कंपनीचं पत्र आलं होतं, दुसऱ्या दिवशी जळगावला निघायचं होतं. तुम्ही त्यांची सायकल पूर्ण ओव्हरऑइल केलीत, फक्त पायडलं धुऊन कागदावर ठेवली आणि जेवायला आत गेलात. सायकल उलटीच उभी होती. काका आले, त्यांना घाई होती. मी म्हटलं, पायडलं बसवणं म्हणजे काय काम आहे, आणि बसवून दिली. हे मला तीस वर्षं आठवत होतं. मी ते विसरलो नव्हतो. पण मी ती इतकी घट्ट बसवली होती की पाना पुढे जाईना, हेही मला आठवत होतं, आणि त्या घट्टपणावर मी निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी पांझरेच्या पुलाच्या उतारावर पायडल निघालं, काका पडले, गुडघ्याची वाटी फुटली. पुढे त्यांनी कधी पत्रं वाटली नाहीत, ऑफिसात बसून छाटत राहिले. तुम्ही गल्लीला सांगितलंत की तुमच्या हातून राहिलं. मी सोयीस्कर समजून घेतलं की मी गेल्यावर तुम्ही काहीतरी उघडलं असणार आणि परत नीट आवळलं नसणार.

आणि मग दिवाळीला आलो ते साहेब होऊन. क्वालिटी डिपार्टमेंट, खिशाला पेन. दुकानात चार माणसं बसलेली असताना मी तुम्हाला म्हणालो, "भाऊ, आता तुमचा हात राहिला नाही. कुणाचा जीव जाईल. दुकान बंद करा." तुम्ही चाक फिरवत होतात. ते थांबेपर्यंत बघत राहिलात. मग म्हणालात, बरं. संक्रांतीच्या आधी शटर ओढलंत, आणि पुढची अकरा वर्षं ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींचा आवाज ऐकत राहिलात. गल्लीत लोक हळूहळू तेच बोलायला लागले, की म्हाताऱ्याचा हात गेला होता. ते वाक्य त्यांना मी दिलं होतं. तुम्ही तेव्हा पंचावन्नचे होतात. मी आज त्रेपन्नचा आहे.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून धुळ्याला गेलो. वाटलं, आईला सांगून मोकळं व्हावं. ती गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं, आटे, उलटी सायकल, सगळं. तिनं ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "त्यास्ले बठ्ठं मालूम व्हतं." निघालेलं पायडल हातात घेतल्याबरोबर सगळं तुमच्या ध्यानात आलं होतं म्हणे, उजव्या क्रँकमधून निघालेल्या पायडलावर डाव्याची खूण होती. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं, मी दुकान बंद करा म्हणालो तेव्हा तरी. आई म्हणाली, तिनं तुम्हाला हेच विचारलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोऱ्या नवी नोकरीवर शे. त्याना सोताना हातवरना भरोसा उडना ते तो काय करी?"

माझ्या हातावरचा माझा भरोसा उडू नये म्हणून! आणि मी तुमच्या हाताबद्दल चार लोकांत काय बोललो! मला तुमचा रागही येतो, खोटं कशाला बोलू. एक थोबाडीत मारायची होती. लहानपणी गिऱ्हाइकांसमोर मान धरलीत, तशीच धरायची होती आणि ते पायडल नाकासमोर नाचवायचं होतं. मी रडलो असतो, नोकरी सोडून आलो असतो कदाचित, पण तुमचं दुकान राहिलं असतं. तुम्ही मला चुकू दिलंत आणि चुकीचा पत्तासुद्धा लागू दिला नाहीत. तीस वर्षं मी लोकांचे पाइप नापास करत बसलो. एका वेल्डरला तर मी तुमचं उदाहरण दिलं होतं, की माझ्या वडिलांनीसुद्धा वेळीच थांबायला हवं होतं.

आईकडून निघालो तो सरळ पोस्टमन काकांकडे. ते आहेत अजून. पंच्याहत्तरी ओलांडली, काठी घेऊन चालतात, पाय वाकत नाही. घरात सून होती, ती आत गेली. मी वाटेत वाक्यं पाठ करून ठेवली होती. आधी पायडल मी बसवलं होतं हे सांगायचं, मग तुम्हाला ते माहीत होतं हे, आणि मग गल्लीत चार माणसं बोलवून त्यांच्यासमोर पुन्हा सांगायचं. तुमचा हात शेवटपर्यंत पक्का होता, एवढं एक वाक्य तरी त्या गल्लीत पडायला हवं होतं. ते पाडायचं काम माझंच आहे, दुसरं कुणी करणार नाही. पण मी तोंड उघडायच्या आत काकांनीच तुमचा विषय काढला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुना बाप भला मानूस व्हता. वय व्हई गयं, हात राहिना नही, त्यामां त्याना काय दोस? मी कधी राग धरा नही."

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी ते वाटायला ज्यांनी यायचं, त्यांच्यासमोरच मी बसलो होतो. तीन आठवड्यांनी हे लिहिलं, ते आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण ती लगेच विचारेल की काकांना सांगितलंस का. भाऊ, काका माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत होते. मी हो म्हणालो. हो काका, वयच झालं होतं, असं म्हणालो, आणि सुनेनं आणलेला चहा पिऊन निघालो.