राणीची कॅसेट

होनमाळ, ता. जत
२२ सप्टेंबर १९९६

चि. सुमंत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

अरे, आमच्या शाळेत टीव्ही आला, सोबत व्हीसीआरही! गावातल्या फौजींनी मिळून घेऊन दिला. चार इयत्ता, एक खोली आणि मी एकटी. आता तिसरीला कॅसेट लावून देते आणि तोवर पहिलीला धरते. मला तर आणखी दोन हात फुटल्यासारखं झालंय.

पण विकतच्या कॅसेटमधली शहरी पोरं भराभर बोलतात, आमची नुसती आ वासून बघतात. म्हटलं, आपल्याच पोरांना कॅसेटमध्ये शिकवायला लावावं. चौथीतली राणी घड्याळ असं समजावते की मीही ऐकत बसते. मात्र दसरा झाला की तिचे वडील बिराप्पा मेंढरं घेऊन कोकणात उतरणार, आणि कोकरं सांभाळायला तिला नेणार. आजी धोंडुबाईजवळ ठेवा म्हणून मी सांगून आले. बघू म्हणाले, म्हणजे नाहीच. अशी गेलेली पोर पुन्हा शाळेत बसत नाही रे. फार जीव तुटतो.

चातुर्मासात लग्नं नसतात, तुझा शूटिंगचा कॅमेरा रिकामाच असेल. घेऊन ये. ताईवर तुझी माया आहेच, ती येऊन दाखव.

तुझी,
चारुताई


सातारा
८ ऑक्टोबर १९९६

ती. चारुताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझी राणी भारी आहे. चित्रण सोडून तिनं माझीच परीक्षा घेतली. नुसतं घड्याळ दाखवलं तर पोरं जांभया देतील, म्हणून कॅसेटमध्ये माझी सगळी कला ओतली आहे. जतच्या एसटीनं पाठवतोय. आधी एकटी बघू नकोस, सगळ्या गावाबरोबर बघ.

धाकट्यावर लोभ ठेव, कान पिळण्यापुरता तरी.

तुझा,
सुमंत


होनमाळ
२६ ऑक्टोबर १९९६

चि. सुमंत यास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

शहाण्या, घड्याळाच्या धड्याला सनई? कमळ उमललं, त्यातून राणीचं तोंड बाहेर आलं, वर गुलाबाच्या पाकळ्या! अख्खी वाडी जमलेली. बायका कुजबुजायला लागल्या. धोंडुबाईंनी मोठ्यानं विचारलं की नवरा कुठल्या गावचा. राणीचा मामा अर्जुना तर रुसून उठलाच, मामाला न विचारता सोयरीक ठरवली म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बिराप्पा ताडकन उभे राहिले. म्हणाले, "कुणाचं लगीन? माझी राणी शाळा शिकतीया. शिक्षान हुईस्तवर लगनाचं नाव काडायचं न्हाई."

मी संधी सोडते होय? तिथल्या तिथं विचारलं, मग दसऱ्यानंतर राणी शाळेतच ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं, गावाकडे बघितलं. चारचौघांत शब्द गेलेला, आणि शब्द फिरवायची त्यांच्यात रीत नाही. होय म्हणून मान हलवली. सुमंत, मी आनंदानं रडले रे.

कोकरं सांभाळायला आता अर्जुनामामा गेलाय, तोंड फुगवूनच. काल कळप शाळेवरून गेला. राणी दारात उभी राहिली. बिराप्पांनी हात केला नाही, पटक्याच्या शेवानं डोळे तेवढे पुसले. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच होती. मग आत आली आणि पहिलीच्या पोरांसमोर उभी राहिली.

पुढचा धडा पाढ्यांचा. दिवाळीला कॅमेरा घेऊनच ये, जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
चारुताई