जरीचा काठ

बुद्धप्रिया,

मी लग्नाला निघाले, सातपर्यंत येते. वरण-भात झाकून ठेवलाय. आंघोळीनंतर आजीला साडी नेसव. तिनं काठ आत दुमडला तर ओढू नको, ती रडते. तिच्या माहेरच्या गावात आपल्या समाजाच्या बाईच्या साडीला जरीचा काठ दिसला की पाटील भर रस्त्यात फाडायचा. आता आपल्या घरासमोर नुसतं मोबाईलचं दुकान हाय, हे तिला शंभरदा सांगून झालं.

मघाशी तिनं माझ्या नव्या साडीचाही काठ आत खोवला. म्हणाली, "झाक माय, तो पाटील समोर बसून राहिलाय."

लई चिडले मी. खोलीत येऊन काठ बाहेर काढत होते, तेवढ्यात मनात आलं, लग्न त्याच गावात आहे.

मग तसाच राहू दिला.

पप्पांना सांगू नको.

आई