करीच्या दिवशीची चरबी

वाडी, नागपूर
२५ ऑगस्ट २०२५

ती. प्रयागआत्यास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. सुशीलदादा गोदामात माल उतरवतो आहे, तोवर लिहून त्याच्याच हाती देते. आमच्या प्रकल्पावरची गोबरगॅसची टाकी बंद पडली आहे.

कत्तलखान्याची चरबी आम्ही शेणकाल्यात मिसळून टाकीत घालतो. नुसत्या शेणापेक्षा तिचा गॅस कितीतरी जास्त, हे मी वर्षभर करून दाखवलं. श्रावणात चरबी जेमतेम यायची. मग पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी करीला सगळं नागपूर मटणावर तुटून पडलं. एका दिवसात दहा दिवसांची चरबी आली. ठेवली तर सडेल म्हणून मी सगळी टाकीत ढकलली. आता वर फेस, आत आंबट वास, आणि गॅसचा काटा जागचा हलत नाही.

साहेबांना मी सांगितलं, की चरबीच खराब आली होती. ते म्हणाले, पंधरा सप्टेंबरपर्यंत गॅस आला नाही तर टाकी उपसायची आणि चरबी कायमची बंद. म्हणजे ती पुन्हा खड्ड्यात पुरायची, माझ्या मेहनतीसकट. तू तीस वर्षं घरचा गोबरगॅस चालवते आहेस. मी इंजिनिअर आहे हे घटकाभर विसर आणि काय करू ते सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
उन्नती


काटोल
२८ ऑगस्ट

चि. उन्नतीस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. अवं, महिनाभर उपाशी असलेल्याच्या पानात कोणी पहिल्याच दिवशी एवढं वाढतं का? सुशीलच्या लग्नात मीही हेच केलं होतं. पंगतीचं उरलेलं तेलकट अन्न टाकीत लोटलं आणि नवी सून घरात असताना पंधरा दिवस चुलीवर आले. अशी चूक ही काही शिकलेल्यांचीच मक्तेदारी नाही.

आता वरून काही घालू नको. उद्या सुशील या पत्रासोबत सहा ड्रम आणेल. त्यात माझ्या टाकीतला चालू काला आहे, तो विरजणासारखा रोज थोडाथोडा सोड. फेस बसला की मग चरबी, तीही गरम पाण्यात पातळ करून, लेकराला भरवतात तेवढीच.

काला काढल्याने माझा गॅस मिणमिणतो आहे, म्हणून चूल पेटवली. यमुताई कुंपणावरून विचारत होत्या, की हे काहून उपसून राहिल्या अन् कोणाले पाठवून राहिल्या. कत्तलखान्याचं नाव घेतल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला. आपल्या घरात अंडंही शिजत नाही, मलाही दोन दिवस कसंसंच झालं. पण तू उपाय विचारलास आणि तो माझ्याकडे होता.

एक गोष्ट मात्र आवडली नाही. चूक तुझी आणि नाव चरबीचं. साहेबांना खरं सांग. नाही तर गॅस आला तरी ते चरबी बंद करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

वेळेवर जेवत जा, मला विचारत जा.
तुझी आत्या,
प्रयागबाई


वाडी
१४ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

ड्रम आले त्याच दिवशी साहेबांना खरं सांगितलं. ते चांगलेच रागावले, पण मुदत तीच ठेवली. मग फेस बसला, आंबट वास गेला, आणि अकराव्या दिवशी काटा हलला. काल शेगडी निळी पेटली. चरबी गरम करून घातल्याने गॅस पूर्वीपेक्षा थोडा जास्तच येतो आहे.

साहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं, की चरबी चालू राहील आणि ती किती घालायची ते उन्नती ठरवेल. मी बाहेर येऊन रडले आत्या, खरंच.

तुझे ड्रम साबणाने तीनदा घासून, उन्हात वाळवून पाठवते आहे. यमुताईंना वास येणार नाही.

तुझ्या चुलीच्या धुराची ऋणी,
उन्नती


काटोल
१८ सप्टेंबर

चि. उन्नतीस अ. उ. आ.

तू खरं बोललीस हे वाचून गॅसपेक्षा जास्त आनंद झाला. माझीही शेगडी आता नीट पेटते.

ड्रम मिळाले. इतके घासून, रिकामे पाठवलेस याचं मात्र वाईट वाटलं. आमच्यापासून काय लपवायचं होतं तुला? तेच ड्रम सुशीलसोबत परत पाठवते आहे. तुझ्या टाकीतून निघालेलं खत त्यात काठोकाठ भरून दे. रस्त्याकडच्या संत्र्याच्या ओळीला घालीन, जिथे येणारा-जाणारा थांबून विचारतो. विचारलं, की सांगीन, कत्तलखान्याच्या चरबीचं आहे, माझ्या भाचीच्या टाकीतलं.

आशीर्वाद आहेतच, हक्कही ठेव.
तुझी आत्या,
प्रयागबाई