फक्कीत आखलेलं घर

मु. पो. मुठा, ता. मुळशी, जि. पुणे
१९ जानेवारी २०२५

चि. रेश्मा,

आजीचा आशीर्वाद. आमी समदी खुशाल हाय. समदी म्हंजे मी, तुझी आई आन् दोन म्हशी. तिळगूळ कागदात घालून धाडता येत न्हाई, तवा तू नुसतं गोड बोल, तेवढ्यावर भागवू. तिकडं बर्फ पडतोय म्हणं. कानाला बांधत जा. साहेबीण झालीस तरी कान तेच हायेत.

मी बोलतीया आन् तुझी आई लिहितीया. अक्षर गोल काढती असं लोक म्हणतात. मला काय, समद्या मुंग्याच.

तुझा पासपोर्ट बदलला, आता तू कागदानंबी विलायतेची झालीस. गावात एक जण म्हणाला, "रंभाबाई, नात गोऱ्यांची झाली." म्हणलं, ते एवढी वरसं हितं येऊन बसले, आता आमची एक तितं जाऊन बसली तर बिघडलं कुटं.

पयली काही वरसं तू दुसऱ्याच्या इमारतींच्या नकाशात नुसते जिने आन् संडास काढत व्हतीस. तवा मी सांगायची, नात लंडनला मोठ्या हापिसात हाय, काय करती ते इचारू नका. मग तुझं स्वतःचं हापिस झालं. ते वाचनालय झालं. आन् मग ते मरणाऱ्या माणसांचं घर, ज्याला पदक मिळालं. तुझ्या आईनं फोनवर फोटू दाखवले. दर खाटंवरनं झाड दिसतंय, आन् दर खाटंशेजारी जवळच्या माणसाला आडवं व्हायला रुंद बाक. तिकडच्या पेपरवाल्यांनी बाकाचंच लई कौतुक केलं म्हणं. मरणाऱ्याजवळ बसणाऱ्यालाबी पाठ असती, हे त्यांना आजवर सुचलंच न्हवतं.

तुझा बाप, माझा अमोल, पडवीतल्या खाटंवर गेला. झाड व्हतं, बाक न्हवतं. तू पोचलीस तवा सावडणंबी उरकलं व्हतं. मग म्होरल्या साली त्या बाकाचा फोटू आला. मला अक्षर येत न्हाई, पर एवढं समजतं.

आता घराचं. माझ्यासाठी काढलेला नकाशा पोचला. वाल्मीक गवंडी तो उलगडून दाखवत व्हता, मला काय कळंना. म्हणलं, जमिनीवर काढ, मी चालून बघते. मग त्यानं खालच्या तुकड्यात चुन्याची फक्की मारली. ज्या तुकड्यावर बंगलेवाल्यांचे एजंट डोळा ठेवून हायेत, तोच. पांढऱ्या रेघांच्या घरात मी काठी टेकत फिरले. एकदा भिंतीतनंबी गेले. वाल्मीक म्हणाला, "आजी, दारातनं या की." म्हणलं, भिंत उभी ऱ्हायली की येईन दारातनं, आत्ता हौस फेडून घेते.

माझी खोली उगवतीला. न्हाणीत धरायला दांडा. उंबरा कुटंच न्हाई, म्हातारीला ठेच लागू नये म्हणून. पलीकडं आनखी एक खोली. इचारलं, ही कुणाची? "पावण्यांची," वाल्मीक म्हणाला. आता माझ्याकडं कोण पावणं येतंय? "रेश्माताई आल्या की तितंच उतरतील."

बाई गं, तू तुझं नाव पावण्यांत घातलंस व्हय? असू दे. निदान तुला खोली तरी हाय.

तुझी आई म्हणती, "आत्या, बास आता, कागद संपला." मला तर निम्मा कोरा दिसतोय. पर ती उठली. वालाच्या शेंगा तोडायच्या हायेत म्हणं.

*

हितनं अक्षर बदललं, घाबरू नको. वाल्मीक लिहितोय. त्याला चहा पाजून बसवलाय. हे पान तो पाकिटात घालील आन् पौडला जाऊन टाकील. तुझी आई वावरात हाय, हितनं तिचं डोकं दिसतंय. हे फोनवर बोलता येत न्हाई, कारण फोन तीच धरती माझ्या कानाला.

तू तीन खोल्या काढल्यास. तिसरी माझ्या खोलीला चिकटून, बारकी, मधी दार. मी फिरत व्हते तवा तुझी आई माझ्या मागं व्हती, पदर खोचून, हसत. तिनं इचारलं, "वाल्मीकभाऊ, माझी कुठली?"

वाल्मीकनं नकाशा वर केला, खाली केला. आत्ताबी लिहिताना थांबलाय. लिही बाबा, तुझा काय दोष. मग त्यानं त्या बारक्या खोलीकडं बोट केलं.

"काय लिहिलंय तितं?" मी इचारलं.

"केअरटेकर."

हितल्या बंगल्यांवर केअरटेकर असतात, तुला ठाऊक हाय. पुण्याच्या साहेबांच्या कुत्र्याला भाकरी घालायची, शनवारी ते यायच्या आधी गाद्या झटकायच्या. तो शब्द तुझ्या आईला चांगला कळतो. ती म्हणाली, "बरोबर हाय की. तेच तर करतीया मी." आन् त्या खोलीत गेली. माझ्यागत रेघ तुडवून न्हाई, दारातनं गेली, खरंच भिंती असल्यागत. मधी उभी ऱ्हाऊन दोन्हीकडं हात लांब करून बघितले.

"पुरंल मला," म्हणाली.

मी दुसरीकडं बघितलं.

तवापासनं ती माझ्याशी जास्तीच गोड वागतीया. भांडली असती तर बरं वाटलं असतं. माझ्याशी न्हाई तर निदान म्हशीशी तरी.

तू मुद्दाम केलं न्हाईस, ते मला कळतं. आईला आराम पडावा म्हणून एखादी पगारी बाई ठेवायचं तुझ्या मनात असंल. पर मग आई कुटं गं? तू उठायच्या आधी ती उठलेली असायची आन् तू झोपलीस तरी भांड्यांपाशी. तिला आडवं पडलेलं तू कधी बघितलंच न्हाईस, तवा काढणार तरी काय.

आन् तरी बघ. अमोल गेल्यावर तू मला इचारलं व्हतंस, आई कुटं झोपायची? मी पडवीतलं पोतं दाखवलं. खाटंशेजारी, भुईला. तू लई येळ त्या पोत्याकडं बघत बसली व्हतीस. तुझं ते बाक तितनंच उठलंय, पोरी. परक्या गावात, परक्या माणसांच्या बायकांना तू पाठ टेकायला जागा केलीस. ते तिचं पोतं हाय, हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. तिनं बाकाचा फोटू मला दाखवला तवा म्हणाली, "किती रुंद केलंय बघा, आत्या." एवढंच.

आता ऐक. मी वाल्मीकला पाया खांदू दिला न्हाई. तुझ्या आईला सांगितलंय, मला दिवस पसंत न्हाई. नवा नकाशा धाड. उगवतीची खोली तुझ्या आईची कर. दांडा, न्हाणी, समदं तिच्या हाताच्या उंचीनं. मला बारकी चालंल. मी आनखी दोन पावसाळे काढीन, लई झालं तर तीन. त्या घरात म्हातारं व्हायचंय ते तिला, आन् एकटीला. तू काय येत न्हाईस, हे मला कळलं रेघांवरनं चालताना. त्याचा राग न्हाई. तू पावण्यांची खोली काढलीस ती खरीच काढलीस, ऱ्हाऊ दे तशीच. तितल्या घरांनी तुला धरलंय, धरू दे.

पर मी सांगितलं असं तिला कळू देऊ नको. तुझं तुला सुचलं असं लिही. पदक मिळालेल्या माणसाला एवढं खोटं जमलं पायजे.

वाल्मीक म्हणतोय, आटपा आजी, काकू बांधावर आल्या.

नकाशा माझ्या नावानं धाडू नको. तिच्या नावानं धाड. मला वाचता येत न्हाई, तिला येतं.

तुझी आजी
रंभाबाई