आईच्या खोलीतलं पाणी

लातूर, ७ जुलै २०२५

ति. आनंदराजदादास,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तू आवाज चढवतोस, म्हणून पत्र. तुझ्याकडे लागलेली आईची धाप आता उतरली आहे. गुरुवारी आषाढ पौर्णिमा. वर्षावासाचे तीन महिने तुमच्या विहारात ग्रंथवाचन तीच करते, एकवीस वर्षं. यंदाही ती नांदेडला यायचं म्हणून पिशवी भरून बसली आहे. पण तुझ्या घरातल्या त्या बुरशीच्या खोलीत मी तिला पाठवणार नाही.

दमटपणा घालवायचं यंत्र आणलंस म्हणे. फोटो पाहिला. यंत्र आहे की चहाचा थर्मास? एवढंसं कपड्यांच्या कपाटाला ठीक. बारा बाय चौदाच्या खोलीला कॉम्प्रेसरचं लागतं, दिवसाला बारा लिटर तरी ओढणारं. विकत घेण्याआधी दुकानात विचारायला काय झालं होतं?

लोभ आहेच, त्याला बुरशी लागू देऊ नकोस.
तुझी, विशाखा

नांदेड, २१ जुलै

चि. विशाखास, अ. आ.

ज्या गावाला रेल्वेनं पाणी पाजावं लागलं, तिथल्या बाईनं गोदाकाठच्या माणसाला ओल शिकवावी, हे ऐकून बरं वाटलं. तरी कॉम्प्रेसरचं आणलं. टाकी दिवसातून तीनदा काठोकाठ भरते. शेजारचे भागवतराव बघायला आले आणि म्हणाले, लई जोरदार मशीन हाय. भिंत मात्र ओलीच. म्हणजे तुझी निवडही तुझ्यासारखीच, नुसता आवाज.

यंत्रानं खोली तापते, म्हणून समोर कूलर लावला आहे. टाकीतलं पाणी फेकवत नाही, ते कूलरमध्येच ओततो.

विहारात वाचन सध्या मी करतो. माणसं रोज कमी होत आहेत. आईला पाठव.

आशीर्वाद आहेत, ऐकून घेशील तर.
आनंदराज

लातूर, २९ जुलै

ति. दादास, जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका माणसाकडून हे होईल, यावर पहिल्यांदा विश्वास बसला नाही. यंत्र हवेतलं पाणी काढतं, तू ते कूलरला पाजतोस, कूलर ते परत हवेत सोडतो. आठवडाभर तू तेच पाणी खोलीत फिरवत राहिलास! आणि तीस वर्षं नोकरी केलीस पाणीपुरवठ्यात.

कूलर बाहेर काढ. खिडक्या बंद ठेव. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आण. आकडा पंचावन्नच्या खाली आला की आईला एसटीत बसवते, त्याआधी नाही. ती रोज पिशवीला हात लावून बघते, ते मला बघवत नाही.

माया तेवढी कोरडी पडू देऊ नकोस.
विशाखा

नांदेड, १२ ऑगस्ट

चि. विशाखास, अ. आ.

कूलर बंद आहे. तुझ्या सांगण्यावरून नव्हे, त्याची मोटर जळाली. मीटरचा आकडा बावन्न. भिंत सुकली. आईला पाठव.

आनंदराज

नांदेड, १९ ऑगस्ट

चि. विशाखास आई पार्वतीबाईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. खोलीला आता वास नाही. काल विहारात पाच पानं वाचली, मध्ये थांबावं लागलं नाही. माणसं परत येऊ लागली आहेत. आनंदराज वाचताना रागावल्यासारखा वाचायचा म्हणे.

तुम्ही दोघं एकमेकांना लई टाकून बोलता. मला मात्र कुणी विचारलं नाही, आई, तुला कसं वाटतं.

आणखी एक. हा कामाला बाहेर गेला तेव्हा मी अंगणातला कूलर लावून पाहिला. मोटर धडधाकट हाय. लगेच बंद केला. त्याला कळवू नकोस.

दोघांवर सारखीच माया करणारी,
आई