दादा, ग्लायडर आणि बाकी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, अविवाहित, व्यवसाय लिफ्टचे वायरिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. 'कोणत्याही दबावाखाली नाही' असे लिहिण्याचा प्रघात आहे. ते मात्र मला लिहिता येत नाही. माझ्या पोटात गाठ आहे आणि पुढचा हिवाळा मी पाहणार नाही. दबाव आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा दादा धडधाकट होता.

१. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धंद्याने सुतार. या घरात आम्ही दोघेच. तो ग्लायडरचे, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या बिनइंजिनाच्या छोट्या विमानांचे, पंख घडवायचा, मी आत सिग्नल पकडणारा रिसीव्हर बसवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर जाऊन दोघे उडवायचो. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'वर' एवढा एकच शब्द उरला आहे. भूक लागली तरी वर, दुखले तरी वर.

२. राहते घर, बँकेतील ठेव आणि दादाची सुतारकामाची हत्यारे जो कोणी दादाला याच घरात सांभाळेल त्याला मिळावीत. दादा हयात असेपर्यंत घर विकू नये.

धाकट्या बहिणीला मी विचारले. ती म्हणाली, "ताई, माझ्याच गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय. त्याला उचलणार कोण?" तिचे खरे आहे, तिच्यावर माझा राग नाही. आईची शाल तिला द्यावी. तिच्या मुलाला विचारले, तर म्हणाला, "बघू ना मावशी, तू कशाला टेन्शन घेतेस?"

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू."

'बघू' या शब्दाला कोणीही संमती समजू नये.

३. दादाला कोणत्याही कारणाने बांधू नये. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्याला एका शुश्रूषा केंद्रात ठेवावे लागले. परत आणायला गेले तर त्याचे डावे मनगट चादरीच्या पट्टीने खाटेला बांधलेले. "हात फार हलवतो हो," तिथल्या बाई म्हणाल्या. मी म्हटले, "त्याचा तेवढाच हात हलतो." हे कलम घराच्या कलमाहून वरचे समजावे.

४. काळे ग्लायडर दादाचे आहे आणि त्याच्याकडेच राहावे. हातात धरायच्या ट्रान्समीटरच्या उजव्या काडीचे सगळे काम मी डाव्या काडीवर आणले आहे, ते बदलू नये. रिसीव्हरच्या अँटेनाच्या दोन बारीक तारा बाहेर काढल्या आहेत, एक आडवी, एक उभी. ग्लायडरचे अंग कार्बनचे आहे, त्याच्या आत ठेवल्या तर सिग्नल पोहोचत नाही. त्या मिशांसारख्या दिसतात. दिसू द्याव्यात.

वारा टेकडीवर चढत असेल त्या दिवशी दादाला खुर्चीसकट न्यावे. घरात तो ओरडतो, तिथे ओरडत नाही. ग्लायडर वाऱ्यावर उचलले गेले की 'वर' म्हणतो, आणि तेवढ्या वेळापुरता तो शब्द बरोबर असतो.

५. आमच्या ग्लायडर क्लबचे खजिनदार, ज्यांना सगळे 'साहेब' म्हणतात, त्यांनी दादाच्या पहिल्या ग्लायडरच्या अँटेनाची तार "लोंबतेय, बरी दिसत नाही" म्हणून न विचारता कापली. दरीवर गेल्यावर ग्लायडरने ऐकणे सोडले आणि ते सरळ निघून गेले. आम्ही झुडपे पालथी घातली, सापडले नाही. साहेब म्हणाले, "तुमचंच सोल्डरिंग कच्चं असणार." कापलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. तो साहेबांना द्यावा. दुसरे काही देऊ नये. उरलेले रिसीव्हर आणि सोल्डरिंगचे सामान क्लबमधल्या शिकणाऱ्यांना द्यावे, साहेबांच्या हातून नको.

६. सिग्नल तुटला तर काय करायचे हे रिसीव्हरला आधी शिकवून ठेवता येते. पहिले ग्लायडर गेल्यानंतर माझ्या सगळ्या रिसीव्हरना मी शिकवले आहे: हलके वळण घेत खाली ये. दादालाही महिनाभर शिकवते आहे. भूक लागली तर पोटावर हात ठेव, दुखले तर कपाळावर. तो हात पोटावर ठेवत नाही, कपाळावर ठेवत नाही. माझा हात घट्ट धरून बसतो. हे त्याला अजून येत नाही, वेळ कमी आहे, आणि मला दुसरी पद्धत सुचत नाही.

७. माझ्या पश्चात दादाचा सांभाळ पुढील व्यक्तीने करावा :

..............................

साक्षीसाठी आलेल्या औषधवाल्यांनी या ओळीवर बोट ठेवले. "ताई, इथं नाव लिहायचं राहिलंय."

"राहिलं नाही," मी म्हटले, "मिळालं नाही."

शेजारच्या शिवणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या घरी स्वतःचेच अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. मी विचारलेही नाही.

हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याला या मोकळ्या जागेत स्वतःचे नाव घालण्याची मी मुभा देत आहे. शाई कोणतीही चालेल. नात्याची अट नाही.

साक्षीदारांनी खाली सह्या केल्या आहेत. त्याचा अर्थ एवढाच, की मी सही करताना त्यांनी पाहिले. याहून अधिक काहीही त्यांनी कबूल केलेले नाही.

लिहून देणार : (सही) सुताराची बहीण
साक्षीदार : (सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
साक्षीदार : (सही) शेजारच्या शिवणबाई
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ११ फेब्रुवारी