दगड चाळीस पावलं अलीकडे

११ मार्च, हळर्ण
कॉलेजातून आलो तर शेजारची शांताकाकी आमच्या पायरीवर बसलेली. "बाबू, राखणदाराचो फातर हालयलो रे तेंनी." पलीकडे बंगले बांधणाऱ्यांनी जेसीबीने राखणदार देवाचा शिवेवरचा दगड उचलला आणि चाळीस पावलं अलीकडे, काकीच्या काजूत आणून ठेवला. म्हणजे झर त्यांच्या हद्दीत गेली. काकी त्याच झरीचं पाणी पिते.

१२ मार्च
बंगलेवाल्यांचा तिथला माणूस कोण, तर नारायण. माझाच विद्यार्थी, तत्त्वज्ञानाच्या तासाला पहिल्या बाकावर. फोन केला. हसला मेला. "सर, शीव म्हणजे एक काणी, तुमीच शिकयलां मूं." काणी म्हणजे रचलेली गोष्ट; माझेच शब्द. किळस आली. त्याची की माझी, कोण जाणे.

१३ मार्च
लिहिलंय खरं मी. उत्तर-आधुनिकतेवरच्या निबंधात, छापील: 'दगड कुठेही ठेवला असता तरी शीव तिथेच झाली असती.' पणजीत वाचला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. नारायणने त्याची झेरॉक्स पंचायतीत दिलीय, रविवारी ग्रामसभेत वाचणार. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जातीच्या, सोवळ्याच्या रेघा होत्या. त्या पुसायलाच हव्यात. पण म्हातारीची झर राखणारी शीव पुसायची नाही, एवढं एक वाक्य घालायला काय धाड भरली होती मला?

१४ मार्च
काकी: "सभेंत तू सांग. म्हजें कोण आयकता? तू बापायवांगडा रोट घेवन वतालो, तुका जागो म्हायत आसा." लहानपणी बाबांबरोबर राखणदाराला रोटाचा नैवेद्य घेऊन जायचो खरा. हो म्हटलं.

१५ मार्च
सकाळी एकटाच शिवेवर गेलो. सगळं सपाट, लाल माती. दगड इथे होता? की त्या किंदळाच्या झाडापाशी? आठवेना. बाबा गेल्यावर रोट न्यायचं मीच बंद केलं, अडाणीपणा म्हणून. शी! स्वतःचीच शिसारी आली.
तेवढ्यात काकी झरीवरून आली. इकडेतिकडे न बघता थांबली, कळशी खाली टेकवली. "हंय आसलो फातर." लग्न होऊन आली तेव्हापासून दगडाशेजारी रोज अशीच विसावते. मी तिथे काजूची फांदी रोवली.

१६ मार्च, रविवार
दहाला सभा. नारायणचा मेसेज: 'सर, निबंधांत बरयलां तेंच सांगात.' फांदी कुणीतरी उपटून टाकलीय.
जागा आठवते म्हटलं तर खोटं. आठवत नाही म्हटलं तर खरं, आणि झर गेली.
काकी दारात उभी, धुतलेलं लुगडं नेसून. दोनदा हाक मारली. मी चपला घातल्यात, पण काय सांगायचं ते अजून